५०० वॉट, सिल्क बोर्डच्या सिग्नलवर

मी मूळचा निपाणीचा, गेली १४ वर्षं बेंगळुरूत आहे. नोकरी पॉवर सप्लाय डिझाइन करायची, म्हणजे एका व्होल्टेजचं दुसरं व्होल्टेज करणारी सर्किटं बनवायची. आणि शनिवारी जेसी रोडच्या मागच्या गल्लीत एका मित्राचं कार ऑडिओचं दुकान आहे, तिथे जाऊन बसतो. पगार नाही, चहा मिळतो. मल्टिमीटर माझा स्वतःचा.

त्या दुकानात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "सर, अ‍ॅम्प ५०० वॉटचा आहे, पण ५०० वॉटसारखा वाजत नाही. खराब आहे का?" बहुतेक वेळा अ‍ॅम्प उत्तम असतो. त्याला गाडीकडून जे मिळायला हवं ते मिळत नसतं. आज मी एवढ्यावरच बोलणार आहे. स्पीकर कुठला घ्यावा, कुठली कंपनी चांगली, हे कृपया खाली विचारू नका. त्यावर बोलणारे भरपूर आहेत.

अ‍ॅम्पकडे जाण्याआधी डॅशबोर्डवरच्या स्टिरिओकडे बघू. त्याच्यावर '५० वॉट × ४' असं छापलेलं असतं. आत वेगळा पॉवर सप्लाय नसतो, गाडीचं व्होल्टेज थेट चिपला जातं. गाडी चालू असताना ते १४.४ धरू. स्पीकर ४ ओहमचा. चिपची जोडणी अशी असते की स्पीकरला दोन्ही दिशांनी जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट मिळू शकतात. मग स्वच्छ सूर वाजवला, तर १४.४चा वर्ग भागिले ८, म्हणजे २६ वॉट. ही कागदावरची कमाल. चिपमध्ये थोडं व्होल्टेज खर्च होतं, म्हणून हातात १८-२० येतात. मग ५० कुठून आले? १४.४चा वर्ग भागिले ४ करा, ५२ येतात. ही पॉवर चौकोनी लाटेची. म्हणजे आवाज इतका वाढवलाय की लाटेचं डोकं आणि पाय दोन्ही सपाट कापले गेलेत. आकडा खोटा नाही, पण तो गाण्याचा नाही, भोंग्याचा आहे.

म्हणून लोक वेगळा अ‍ॅम्प बसवतात. त्याच्या आत माझ्या धंद्याची वस्तू असते: गाडीचे १२-१४ व्होल्ट घेऊन त्यांचे अधिक-उणे ४५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर. २ ओहमच्या सबवूफरला ५०० वॉट द्यायचे तर साधारण एवढे लागतात. बाजारातल्या बहुतेक अ‍ॅम्पमध्ये हा कन्व्हर्टर रेग्युलेटेड नसतो. तो फक्त ठरावीक पटीने गुणतो. गाडीचे व्होल्ट खाली गेले की आतले ४५ही त्याच प्रमाणात खाली जातात. आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हा वर्ग सगळा घोळ करतो.

खोक्यावरचा आकडा मोजायची अमेरिकी पद्धत आहे, सीईए-२००६ नावाची. त्यात अ‍ॅम्पला १४.४ व्होल्ट देऊन, ४ ओहमवर, विकृती १ टक्क्याच्या आत ठेवून मोजतात. चांगली पद्धत आहे, खोक्यावर तिचा उल्लेख असेल तर आकड्यावर विश्वास ठेवा. पण ते १४.४ टेबलावरच्या सप्लायचे आहेत. तोच ५०० वॉटचा अ‍ॅम्प १३.५ व्होल्टवर ४४० वॉटच्या आसपास देतो. १२ वर ३४७. ११ वर २९२.

आता इथे बरेच व्हिडिओ थांबतात आणि म्हणतात, बघा, तुमचे २०० वॉट गेले! मी थांबणार नाही, कारण आपला कान वॉट मोजत नाही. ५००चे ३४७ होणं म्हणजे दीड डेसिबलची घट. शेजारी बसून लक्ष देऊन ऐकलं तर कळेल, गाडी चालवताना कळणारसुद्धा नाही. निव्वळ आवाजाच्या दृष्टीने हा तोटा किरकोळ आहे. मग मी तुमचा वेळ का घेतोय? कारण व्होल्टेज पडलंय याचा अर्थ गाडीत दुसरं काहीतरी घडतंय, आणि ते किरकोळ नाही.

गाडीत वीज दोन ठिकाणांहून येते. बेंगळुरूत राहणाऱ्यांना पटकन कळेल असं सांगतो. अल्टरनेटर म्हणजे कावेरीची लाइन, बॅटरी म्हणजे घराखालचा सम्प. लाइनला पाणी आहे तोवर घर लाइनवर चालतं आणि सम्पही भरतो. लाइन कमी पडली की सम्प उपसायला लागतो. गाडीत हा बदल मीटरवर दिसतो. अल्टरनेटर पुरा पडतोय तोवर १३.८ ते १४.४ व्होल्ट. तो कमी पडला की बॅटरीचं राज्य सुरू. बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्याकडे मुळात १२.६-१२.७च असतात, आणि करंट ओढायला लागलात की आणखी खाली. म्हणजे १४ वरून १२.४ वर येणं ही हळूहळू उतरणारी गोष्ट नाही, ती पायरी आहे.

ही पायरी कधी येते? अल्टरनेटरची क्षमता लिहिलेली असते, समजा ७५ अँपिअर. लहान गाड्यांत ६० ते ९० असते. पण हा आकडा अल्टरनेटर मिनिटाला ६००० फेऱ्या घेत असतानाचा. पट्ट्यावरच्या पुल्यांमुळे तो इंजिनाच्या अडीच-पावणेतीन पट वेगाने फिरतो. इंजिन ७५० वर आयडलिंग करत असेल तर अल्टरनेटर २००० च्या आसपास. तिथे तो निम्म्याच्या थोडा पुढे-मागे देतो. बॉशच्या जुन्या अल्टरनेटरच्या पट्टीवर '१४ व्होल्ट ४५/८० अँपिअर' असे दोन आकडे असायचे, पहिला कमी वेगाचा, दुसरा पूर्ण वेगाचा. फार प्रामाणिक पद्धत होती ती. शिवाय बॉनेटखाली गरम झाल्यावर अल्टरनेटर आणखी थोडा कमी देतो, आणि रेग्युलेटर बॅटरी जपायला गरमीत व्होल्टेजही जरा उतरवतो.

आता आपलं गाव. टॉमटॉम दरवर्षी जगातल्या शहरांची वाहतूक मोजते. २०२४ साली बेंगळुरूत १० किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटं लागली, जगात तिसरा नंबर. पुणेकरांनी हसू नये, त्यांची ३३ होती आणि नंबर चौथा. ३४ मिनिटांत १० किलोमीटर म्हणजे ताशी १७-१८ चा वेग, आणि तो सरासरी. प्रत्यक्षात त्यातला मोठा हिस्सा आपण नुसते उभे असतो, इंजिन ७५० वर. गंमत अशी की सिल्क बोर्डपासून होसूर रोडने पुढे गेलात की नागनाथपुरा लागतं, तिथे बॉशचा स्टार्टर आणि अल्टरनेटरचा कारखाना. २०१८पासून तो व्यवसाय एसईजी ऑटोमोटिव्ह या नावाने चालतो. अल्टरनेटर जिथे बनतात तिथून थोड्याच अंतरावर, त्यांनी सगळ्यात कमी वीज द्यावी अशी परिस्थिती आम्ही रोज संध्याकाळी तयार करतो.

त्या संध्याकाळचा हिशेब मांडू. पावसाळा, सात वाजलेत. दोन हॅलोजन हेडलाइट ८ अँपिअर. मागचे-पुढचे छोटे दिवे २. जॅममध्ये पाय ब्रेकवरच असतो, ब्रेकलाइट ३. एसीचा क्लच ४, ब्लोअर १०, पुढचा फॅन १२, वायपर ४. पेट्रोल पंप, ईसीयू, इग्निशन मिळून १०. बेरीज ५३. आपला ७५चा अल्टरनेटर आयडलिंगला, एसी लावल्यावर ईसीयू आरपीएम थोडे वाढवतो ते धरूनही, ४० च्या आसपास देणार. फॅन आणि वायपर सतत चालत नाहीत, म्हणून सरासरी ४५ धरा. म्हणजे गाणं लावायच्या आधीच ५ अँपिअर बॅटरीतून चाललेत. कारखान्याने हे गृहीत धरलेलं असतं, कारण थोड्या वेळात गाडी पळेल आणि भरपाई होईल. ते आपलं 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' झालं. त्यात आता अ‍ॅम्प घाला.

हे सगळं मला एका दादांच्या गाडीवर मोजायला मिळालं. चिकोडीकडचे, बेंगळुरूत टॅक्सी चालवतात. पेट्रोल सेडान, दिवसा शहरात, शनिवार-रविवारी तिरुपती नाहीतर उटी. टूरच्या गिऱ्हाइकांना गाणी हवीत म्हणून एका दुकानातून डिकीत ५०० वॉटचा अ‍ॅम्प आणि १२ इंची सबवूफर बसवून घेतला होता. १४ महिन्यांत दोन बॅटऱ्या गेल्या होत्या. शेवटी होसूर रोडवर, इलेक्ट्रॉनिक सिटीचा पॅसेंजर मागे बसलेला असताना, सिग्नलला गाडी बंद पडली ती सुरूच होईना. पॅसेंजर उतरून दुसऱ्या गाडीने गेला, भाडं गेलं, वर रेटिंग खाली. आणि गाडीचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला.

दादा माझ्याकडे आले ते तिसऱ्या बॅटरीसाठी नाही, मोठ्या अ‍ॅम्पसाठी. म्हणाले, "भाऊ, हजार वॉटचा घालतो. तो निम्म्यावर वाजवला की बॅटरीवर ताण येणार नाही. लहान बैलाला मोठं ओझं घातलंय म्हणून हे होतंय."

तर्क वाईट नाही, पण अ‍ॅम्प हा बैल नाही. बैल आहे अल्टरनेटर. अ‍ॅम्प म्हणजे जू. तेवढाच आवाज काढायचा तर स्पीकरला तेवढीच पॉवर लागणार, मग अ‍ॅम्प ५००चा असो की १०००चा. बॅटरीतून जाणारा करंट तोच. आणि हजारचा पूर्ण वाजवला तर करंट दुप्पट होईल, आवाज फक्त ३ डेसिबलने वाढेल. मी म्हटलं, "दादा, पैसे खिशात ठेवा. आधी मोजू."

मोजायची रीत सांगतो, तुम्हीही करू शकता. मल्टिमीटर अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर लावायचा, बॅटरीवर नाही. मीटरला 'मिन' बटण असेल तर ते दाबून ठेवा, नाहीतर ढोलाच्या ठोक्याला पडणारं व्होल्टेज साध्या मीटरला दिसतच नाही. किंवा ५० हर्ट्झचा सूर दहा सेकंद वाजवा. दहाच सेकंद, त्याहून जास्त नको, कॉइल तापते. गाडी आयडलिंगवर, एसी, लाइट, ब्लोअर सगळं चालू. बॅटरीवर एकदा, अ‍ॅम्पवर एकदा.

बॅटरीवर १२.४ आले. म्हणजे पायरी उतरून गाडी बॅटरीवर आलेली होती. अ‍ॅम्पवर ११.३. मधले १.१ व्होल्ट कुठे गेले? मीटरचा एक काटा बॅटरीच्या प्लसला आणि दुसरा अ‍ॅम्पच्या प्लसला लावला: ०.७. मग बॅटरीचा मायनस आणि अ‍ॅम्पचा मायनस: ०.४.

प्लसची तार वरून जाड, अंगठ्याएवढी, लाल, पारदर्शक, आत चकाकणारे धागे. सोलून बघितली तर निम्मं प्लास्टिक, आणि धागे अ‍ॅल्युमिनियमचे, वर तांब्याचा मुलामा. बाजारात याला सीसीए म्हणतात. खरा धातू ८ चौरस मिलिमीटरच्या आसपास. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर, ४० अँपिअर, अ‍ॅल्युमिनियमच्या हिशेबाने ०.७ व्होल्ट बरोबर जुळतात. तिथे २१ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार असती तर ०.१६ पडले असते. फरक ओळखायला प्रयोगशाळा नको. धागा चाकूने खरवडा. आत पांढरं दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम.

मायनसची तार सीटच्या ब्रॅकेटच्या बोल्टला बांधलेली होती, रंगाच्या वर. रंग हा इन्सुलेटर आहे, आपण त्याच्यासाठी पैसे देतो ते गंज येऊ नये म्हणून. बॉडीचा पत्रा घासून चकचकीत करायचा, थिंबल नीट दाबून बसवायचं, घट्ट आवळायचं आणि मग वरून ग्रीस लावायचं. अर्थिंगची ही २० मिनिटं कोणालाच दिसत नाहीत, म्हणून ती कोणी देत नाही.

आणि अ‍ॅम्पवरचं एक बटण. 'बास बूस्ट', पूर्ण फिरवलेलं, १२ डेसिबल. लोकांना वाटतं हे चवीपुरतं मीठ आहे. १२ डेसिबल म्हणजे त्या सुरांना १६ पट पॉवर. अ‍ॅम्प बिचारा सतत कमाल मर्यादेवर, लाट सपाट कापलेली. गाण्यात एरवी ठोक्यांच्या मधे अ‍ॅम्प विश्रांती घेतो, सरासरी पॉवर कमालीच्या आठव्या हिश्शाएवढीच असते. अशी कापलेली लाट वाजवली की सरासरी तिसऱ्या हिश्शावर जाते. दादांच्या गाडीत ती सरासरी साधारण १५ अँपिअर पडत होती. आधीचे ५ धरून तूट २० अँपिअर. पाऊण तास जॅम म्हणजे १५ अँपिअर-तास, आणि बॅटरी एकूण ३५ची. ही बॅटरी स्टार्टरची असते, पातळ प्लेटांची. क्षणभर दोन-तीनशे अँपिअर देणं तिचं काम. रोज जवळजवळ निम्मी रिकामी होणं तिला झेपत नाही, प्लेटांवर सल्फेट साचतं आणि ती वर्षात मरते. वॉरंटीत भांडून उपयोग नाही, बॅटरीचा दोषच नव्हता.

आम्ही तांब्याची तार घातली, अर्थिंग केलं, बास बूस्ट शून्यावर आणला, गेन कमी केला. सबवूफर बंद पेटीत होता, त्याच्या मापाची पोर्टवाली पेटी सुताराकडून करून घेतली. पोर्टमुळे खालच्या सुरांना जवळजवळ ३ डेसिबल मिळतात, म्हणजे दुप्पट पॉवरचा परिणाम, वीज शून्य. आयडलिंगला अ‍ॅम्पवर आता १२.२ दिसतात. गाडी पळायला लागली की १३.७, तिथे त्याच अ‍ॅम्पमधून साडेचारशे वॉट निघतात. तिरुपतीच्या रस्त्यावर गिऱ्हाइकाला हवा असतो तो आवाज हा. आणि डॅशवर एसपी रोडवरून आणलेला एक छोटा व्होल्टमीटर. दादांना एकच गोष्ट सांगितली: जॅममध्ये १२.४ च्या खाली आकडा गेला की आवाज कमी करा.

आता लोक विकायला आणतात त्या गोष्टी पटापट. कपॅसिटर: तो चमकता, निळ्या आकड्यांचा, एक फॅरडचा. १४.४ वरून १२ पर्यंत उतरताना तो जेमतेम ३२ ज्यूल देतो. ५०० वॉट काढताना अ‍ॅम्प सव्वासहाशे वॉट ओढतो. भागा. एका सेकंदाचा विसावा भाग. ढोलाचा एक ठोकासुद्धा पुरता निघत नाही. दिसायला छान, तेवढंच. दुसरी बॅटरी: गाडी बंद ठेवून गाणी ऐकायची असतील तर उपयोगी. जॅमसाठी नाही, कारण दोन सम्प बांधले म्हणून लाइनला पाणी वाढत नाही, उलट दोन भरावे लागतात. जास्त क्षमतेचा अल्टरनेटर: हा खरा इलाज, पण घेताना आयडलिंगचा आकडा विचारा, कमालीचा नाही. रेग्युलेटेड अ‍ॅम्प: जेएल ऑडिओसारख्या कंपन्यांच्या काही मालिका ११ ते १४.५ व्होल्टपर्यंत पॉवर तीच ठेवतात. इंजिनिअरिंग म्हणून मला फार आवडतं. पण व्होल्टेज पडलं की ते तेवढ्या वॉटसाठी जास्त अँपिअर ओढतात, १३.८ ला ४५ तर ११.५ ला ५५. कमी पडणाऱ्या अल्टरनेटरवर हे ओझं वाढवणंच आहे.

नव्या गाड्यांबद्दल एक. मारुतीने २०१५ साली सियाझमध्ये एसएचव्हीएस आणलं, तेव्हापासून स्मार्ट चार्जिंगच्या गाड्या वाढल्या. यात ईसीयू इंधन वाचवायला चालत्या गाडीतही व्होल्टेज १२.५-१३ वर आणतो आणि ब्रेक मारताना १५च्या जवळ नेतो. मीटर नाचताना दिसला तर घाबरू नका. मात्र अशा गाडीत अ‍ॅम्पची मायनस तार थेट बॅटरीच्या पोलला लावू नका. तिथे करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याला वळसा घातला की ईसीयूला तुमचा अ‍ॅम्प दिसतच नाही आणि बॅटरीचा हिशेब चुकतो. बॉडीला लावा.

फ्यूज. हा बॅटरीपासून एक-दीड फुटाच्या आत हवा. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो, मधल्या ५ मीटर तारेला नाही. ती तार दरवाजाच्या पट्टीखालून जाते, फायरवॉलच्या भोकातून जाते. तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर पत्र्याची कड रोज थोडी थोडी इन्सुलेशन खाते. ज्या दिवशी तांबं पत्र्याला लागेल त्या दिवशी बॅटरी त्या तारेतून शेकडो अँपिअर सोडेल आणि तार कार्पेटखाली लाल होईल. दादांच्या गाडीत फ्यूज होता, पण डिकीत. तो आम्ही सगळ्यात आधी हलवला, मोजायच्याही आधी.

प्रश्न आलाय: इलेक्ट्रिक गाडीत काय? तिथे अल्टरनेटर नाही. मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर १२ व्होल्टची बॅटरी भरतो, आणि त्याला गाडी उभी आहे की पळते याच्याशी देणंघेणं नाही. सिल्क बोर्डला तासभर उभे राहा, व्होल्टेज हलणार नाही. पण कन्व्हर्टरची अँपिअरची मर्यादा असते आणि त्यावर स्टिअरिंग, ब्रेक, सगळं चालतं, म्हणून मोठा अ‍ॅम्प घालण्याआधी ती मर्यादा सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि गाडी बंद करून लॉक केली की कन्व्हर्टर झोपतो. १२ व्होल्टची ती बॅटरी पेट्रोल गाडीच्या बॅटरीपेक्षा छोटी असू शकते. अ‍ॅम्पची रिमोट वायर चुकीच्या जागी जोडली आणि अ‍ॅम्प रात्रभर जागा राहिला, तर सकाळी खालची मोठी बॅटरी भरलेली असेल आणि दरवाजा उघडणार नाही.